मुलगा लातूरला, लेक गावाकडं

प्रिय ताई,

बारावीतल्या मुलाच्या नीटसाठी तुम्ही लातूरला खोली करून राहताय. पाचवीतली लेक निलंगा तालुक्यातल्या गावी, आजी आणि वडिलांजवळ. यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, मुलाची टेस्ट होती म्हणून तुम्ही गेला नाहीत. तेव्हापासून ती फोनवर 'हं'च्या पुढं बोलत नाही, भेटलात तर आजीमागं जाऊन बसते. 'एवढा कसला राग?' असं तुम्ही विचारलंय.

मला हा राग वाटत नाही, लेकराला दुःख झालंय. येळवस म्हणजे कडब्याची कोप (खोपी), भज्जी, आंबील, अख्खं गाव शिवारात आणि मैत्रिणींच्या आया त्यांच्यासोबत. त्या दिवशी तिची आई नव्हती. दादासाठी आई घर सोडते आणि माझ्यासाठी एक दिवस येत नाही, असा अर्थ तिनं लावला. त्यात आजी थट्टेत म्हणतात, 'तुझ्या मायला दादाच लाडका.' ही थट्टा आजच बंद व्हायला हवी. सासूबाईंना ते तुमच्या मालकांनीच सांगावं. तुम्ही सांगितलंत तर भांडण होईल.

मुलासाठी तुम्ही खूप करताय, त्यात खोट नाही. पण सतरा वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री मेसचा डबा खाऊन अभ्यास करू शकतो. तेव्हा दर शनिवारी दुपारी एसटी धरा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. गावी गेल्यावर मात्र धुणं, निवडणं, पाहुणे यांत दिवस घालवू नका. तिला न्हाऊ घाला, वेणी घाला, तिच्याबरोबर शेतात जा. 'का बोलत नाहीस' हे विचारूच नका. एकदाच म्हणा, 'येळवशीला मी यायला हवं होतं. तुला वाईट वाटलं ते बरोबरच होतं.' आणि थांबा. पुढं 'पण दादाची टेस्ट…' जोडलंत, तर तिला तेवढंच ऐकू येईल. ती गप्प राहिली तर राहू द्या. पुढच्या शनिवारी परत जा.

फोनवर 'जेवलीस का, अभ्यास केलास का' एवढंच विचारलं की उत्तर 'हं' येणारच. त्यापेक्षा तुमच्या खोलीतली, गल्लीतली एखादी गंमत सांगा. रोज संध्याकाळी अर्धा तास वडिलांनी तिच्याजवळ बसावं. रानातून दमून येतात हे खरं, पण आईबापापैकी सध्या घरी तिला तेच आहेत.

तिचं जेवण तुटलं, झोप उडाली, शाळा नको म्हणू लागली, तर वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीत बोलता येतं. तुम्हालाही रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय. तुम्हीही फोन करा.

आणि मालक म्हणतात ना, 'नाही झालं तर रिपीट करू', त्याचा निर्णय मे महिन्यातल्या परीक्षेआधीच घ्या. रिपीट करायचं ठरलं, तर एक तर मुलगा मेसवर राहील आणि तुम्ही गावी, नाही तर जूनमध्ये लेकही लातूरला येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाता येतं, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. यातलं काय करायचं हे ठरवताना तिला समोर बसवा आणि तिला काय हवंय ते आधी विचारा.

तुमची,
ताई