'झुळझुळ गाने' मधले 'गाने' कोणते?

प्रश्न बालकवींच्या 'निर्झरास' या कवितेबद्दल आहे. 'पाचूंची हिरवी राने / झुलव गडे, झुळझुळ गाने!' यातले 'गाने' हिंदीतून आले, की ती 'गाणे'ची छपाईतली चूक आहे? आणि सुरुवातीच्या 'गिरिशिखरे, वनमालाही / दरीदरी घुमवित येई!' मध्ये 'येई' म्हणजे 'येतो' की 'ये'?

'गाने' हिंदीही नाही आणि चूकही नाही. 'गान' या तत्सम शब्दाचे ते तृतीयेचे एकवचन आहे, म्हणजे 'गानाने'. बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९०–१९१८) लिहीत होते त्या काळी ते 'गानें' असे लिहिले जाई. पसायदानातले 'येणें वाग्यज्ञें तोषावें' आठवा. तिथे 'वाग्यज्ञें' म्हणजे 'वाग्यज्ञाने'. तृतीयेचा हा जुना 'एं' गद्यातून गेला तरी कवितेत टिकला. याच कवितेत पुढे झऱ्याला 'नीज सुखे' म्हटले आहे, ते 'सुखे'ही 'सुखाने'च. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि आजच्या वाचकाला 'गाने' परके वाटू लागले.

मात्र जुनी प्रत काढून अनुस्वार पाहिला तरी निकाल लागत नाही, कारण नपुंसकलिंगी अनेकवचनावरही तो असे. 'रान'चे 'रानें', तसे 'गान'चे 'गानें'. रूप एकच असल्यामुळे निर्णय वाक्यरचनेवरूनच करावा लागतो. 'झुलव' हे आज्ञार्थी प्रयोजक क्रियापद, म्हणजे झुलायला लाव. काय झुलवायचे? राने. कशाने? झुळझुळ गानाने. 'गाने' हेही कर्म मानले तर झऱ्याने राने झुलवावीत आणि गाणीही झुलवावीत असा अर्थ होतो, आणि ओळीतला सगळा जोर जातो. मग 'गाण्याने' का नाही? कारण या कवितेची प्रत्येक ओळ १४ मात्रांची आहे. 'झुलव गडे' ६, 'झुळझुळ' ४, 'गाने' ४. 'गाण्याने' घातले तर दोन मात्रा वाढतात. शिवाय 'राने'शी यमक हवे आहे.

आता 'येई'. ही कविता म्हणजे झऱ्याला केलेल्या लाडिक आज्ञांची साखळी आहे: खेळ, घे लोळण, फिर गरगर, जा हळुहळु, झुलव, नीज, हास. पहिले 'येई' याच साखळीतले, म्हणून ते आज्ञार्थी 'ये'. 'येई हो विठ्ठले' या आरतीत आहे तेच हे रूप. पण थोडे पुढे 'वसंतमंडप-वनराई / आंब्याची पुढती येई' असे येते. तिथे कर्ता वनराई आहे, म्हणून ते 'येई' म्हणजे 'येते'. 'करी'चेही असेच. 'हास लाडक्या! नाच करी' यात झऱ्याला 'नाच कर' असे सांगितले आहे, तर 'शुभ्र चंद्रिका नाच करी' यात चंद्रिका नाच करते. म्हणून अशा प्रत्येक रूपापाशी आधी कर्ता शोधावा. दुसरा कर्ता दिसला नाही, तर तो झराच आणि क्रियापद बहुधा आज्ञार्थी. 'खेळ लतावलयी फुगड्या' इथे बरेच जण 'खेळ'ला नाम समजून अडतात. तेही आज्ञार्थी क्रियापदच आहे: वेलींच्या वलयात फुगड्या खेळ. 'श्रमलासी खेळुनि खेळ' यातला दुसरा 'खेळ' मात्र नाम.

गाण्यासंबंधीची सगळ्यात सुंदर जोडी 'गीते' या रूपाची आहे. 'ही पुढचे पिवळी शेते / सळसळती गाती गीते' इथे 'गाती' म्हणजे गातात, 'गीते' कर्म, अनेकवचन. पुढे 'पर्वत हा, ही दरीदरी / तव गीते भरली सारी' इथे तेच 'गीते' तृतीया होते: तुझ्या गीताने सारी भरली. शंका असेल तर लगेचची ओळ पाहावी, 'गाण्याने भरली राने'. तिथे कवीने आजचा सरळ प्रत्ययच वापरला आहे.

हा विभक्तीचा कीस निव्वळ व्याकरणासाठी काढावा असे मला वाटत नाही. 'गाने'ची तृतीया हातातून सुटली की कवितेचा कणाच सुटतो. निसर्गाचे वर्णन करताना पाण्याच्या आवाजाला 'गाणे' म्हणणारे कवी पुष्कळ आहेत. बालकवी त्या गाण्याला काम करायला लावतात. आधी 'राने झुलव' अशी आज्ञा येते, मग त्या गीताने दऱ्या भरतात, आणि पुढे 'गीतमय ब्रह्मांड झुले!' 'झुलव'चे आता 'झुले' झाले आहे. प्रयोजक गळून पडला, आता ब्रह्मांड आपसूक झुलते. रानापासून ब्रह्मांडापर्यंत पोचलेल्या या झुलण्याचे साधन पहिल्यांदा सांगितले जाते ते 'झुळझुळ गाने' मध्येच. म्हणूनच 'गाने' म्हणजे 'गाणी' असा अर्थ तळटीपेत देणे चूक ठरेल.

पाठांतर करून घेताना 'झुलव गडे' नंतरचा स्वल्पविराम ऐकू यावा, नाहीतर कानाला 'गाने' कर्म वाटते. 'घुमवित' मधला 'वि' ऱ्हस्वच म्हणावा. 'घुमवीत' म्हटले की १५ मात्रा होतात आणि 'येई'पाशी चाल अडखळते.