वाचकांचे प्रश्न : तीन बस एकदम का येतात?

प्रश्न : पुण्यात अर्धा तास बस येत नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन लागोपाठ येतात. शेवटी नाइलाजाने कार काढतो. जादा बस घेतल्या की हे थांबेल का?

उत्तर : नाही, नुसत्या बस वाढवून थांबणार नाही. पहिली बस दोन-तीन मिनिटे उशिरा आली की थांब्यावर माणसे जास्त जमलेली असतात. चढ-उतार लांबते, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढच्या बसला येऊन चिकटते. यासाठी लांब मार्गावर मधल्या दोन-तीन ठिकाणी नियंत्रकाने जीपीएस पाहून मागची बस मिनिट-दोन मिनिटे रोखायला हवी. शेवटच्या थांब्यावर परतीच्या फेरीआधी बस थांबते ती ८-१० मिनिटेही कापू नयेत. ती कापली की एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसतो.

आता बसच्या संख्येचा हिशेब. जाऊन-येऊन फेरी ९० मिनिटांची आणि दर १० मिनिटांनी बस हवी, तर ९ बस लागतात. कोंडीत फेरी १२० मिनिटांवर गेली की त्याच सेवेला १२ लागतात. तीन बस, त्यांचे चालक-वाहक, इंधन, सगळे कोंडीत उभे राहण्यासाठी! मार्ग मोकळा केला तर याच तीन बस दुसऱ्या भागाला देता येतील.

प्रश्न : बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, तर पुण्याने करून पाहिली. आता पुन्हा वेगळी मार्गिका कशाला?

उत्तर : कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६च्या अखेरीस ती सुरू झाली, देशात पहिलीच. मात्र मार्गिका तुटक असेल तर उपयोग होत नाही. बसचा वेळ जातो चौकात, म्हणून चौकाआधीचे शेवटचे शंभरेक मीटर तिच्यासाठी राखलेच पाहिजेत. नेमकी तिथेच उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी मार्गिका सोडली, तर मधला मोकळा रस्ता काय कामाचा? दुचाकी घुसू नयेत म्हणून कॅमेरा आणि दंड हवा, नुसता पांढरा पट्टा पुरत नाही. थांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर तिथवर पोचायला पादचारी सिग्नलही हवाच, नाहीतर वयस्कर माणसे बसचा नाद सोडतात.

कार चालवणाऱ्यांना ही एक मार्गिका जाचते, हे खरे. पण सिग्नलचा निम्मा वेळ हिरवा धरला तर एका मार्गिकेतून तासाला साधारण ९०० कार जातात, कारमागे दीड माणूस धरून सुमारे १,३५०. दर मिनिटाला ५० प्रवाशांची एक बस गेली तर ३,००० माणसे जातात. मात्र तासाला चारच बस धावत असतील तर तिथे मार्गिका मागू नका, आधी फेऱ्या मागा.