इनॅमलमध्ये प्रथिनं राहून गेली, म्हणजे काय झालं?

प्रश्न : मुलीची सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पिवळट-तपकिरी आहे, गार पाण्यानं ठणकते आणि आता तिचा टवका उडाला. दंतवैद्य म्हणाले, ‘ही कीड नाही, इनॅमलमध्ये प्रथिनं राहून गेलीत.’ प्रथिनं तर चांगली ना?

उत्तर : चांगली, पण सेंट्रिंगसारखी. स्लॅब होईपर्यंत हवीत, नंतर निघायलाच हवीत.

दात हिरडीखाली असताना इनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण कवच) घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशी प्रथिनांचा मऊ थर सोडतात. त्यात सुमारे ९० टक्के अमेलोजेनिन, बाकी मुख्यतः एनॅमेलिन आणि अमेलोब्लास्टिन. या थरात खनिजाचे स्फटिक फितीसारखे लांब आणि अतिशय पातळ वाढतात. अमेलोजेनिनमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. इनॅमलची जाडी पुरी झाली, की स्फटिकांनी फुगून मधल्या फटी भरायच्या असतात, आणि त्यासाठी प्रथिनांनी जागा सोडावी लागते. एमएमपी-२० हे विकर (एन्झाइम) सुरुवातीपासून त्यांचे तुकडे करत असतं. उरलंसुरलं केएलके-४ हे दुसरं विकर फोडतं. तयार इनॅमलमध्ये वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं, प्रथिनं जेमतेम एक टक्का.

ही सफाई अर्धवट राहिली तर इनॅमल जाडीला पुरेसं असूनही आतून खडूसारखं भुसभुशीत राहतं. चावताना टवके उडतात ते म्हणूनच. (जाडीच कमी असेल, खड्डे असतील, तर बिघाड त्याआधीच्या, थर घालण्याच्या टप्प्यातला.) या दाढेचं इनॅमल साधारण जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडतं, म्हणजे आत्ताच्या खाण्याला किंवा ब्रशला बोल लावू नका.

प्रश्न : मग प्रोटीन पावडर किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी ते भरून येईल?

उत्तर : नाही. दात उगवतानाच अमेलोब्लास्ट संपतात; नवं इनॅमल घडवायला पेशीच उरत नाहीत. पृष्ठभाग थोडा कठीण करता येतो : किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, आणि घासल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नाही. शिवाय दवाखान्यात फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप). टवका उडालेल्या जागी साधं काँपोझिट (दाताच्या रंगाचा भराव) बऱ्याचदा निघून येतं, कारण प्रथिनं असलेल्या इनॅमलवर चिकटद्रव्याची पकड कच्ची बसते. त्यामुळे भरावाची कड शक्यतो निरोगी इनॅमलवर न्यावी लागते. पडझड मोठी असेल तर लहान मुलांसाठीची तयार स्टीलची टोपी जास्त टिकते. अशा दाढेला भूल कमी चढते, तेव्हा ‘दुखतंय’ म्हणाली तर तो हट्ट समजू नका, दंतवैद्यांना थांबायला सांगा.