वाचकांचे प्रश्न : नळी मोकळी, तरी डोळा वाहतोच

प्रश्न : माझ्या मायचं वय 61. वर्षभरापासून डाव्या डोळ्यातून पाणी येतं. ‘डोया भरी येस’ म्हणत दिवसभर पदराने पुसत असते. धुळ्याच्या डॉक्टरांनी सिरिंजने नळीत पाणी सोडलं, ते सरळ घशात उतरलं. म्हणजे नळी मोकळी. आता किरणोत्सर्गी थेंब टाकून कॅमेऱ्याने तपासणी करायला सांगितली आहे. ती कशाला? आणि डोळ्याला अपाय तर नाही ना? – एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : ताई, सिरिंजमधलं पाणी अंगठ्याच्या दाबाने पुढे जातं. अश्रूंमागे तसा दाब नसतो. आरशासमोर खालची पापणी नाकाच्या बाजूने किंचित ओढून पाहा, कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असंच एक असतं. तिथून साधारण 10 मिलिमीटरची बारीक नलिका अश्रुपिशवीत जाते आणि पिशवीतून हाडात बसलेली नळी नाकात उतरते. पाणी पुढे ढकलतो तो पापणीचा स्नायू, दर उघडझापेला थोडंथोडं. वयाने पापणी सैल पडली किंवा चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल, तर हा पंप ढिला पडतो. नळी जराशी अरुंद असली तरी तेच होतं. केळीच्या बागेतलं ठिबक मोटरच्या दाबावर नीट चालतं, पण तेच पाणी नुसत्या टाकीच्या उतारावर सोडलं तर शेवटच्या झाडापर्यंत पोचत नाही, तसं.

या तपासणीत दाब वापरतच नाहीत, म्हणून तिचं मोल. टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेला सुमारे 10 मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे नेहमीच्या औषधी थेंबापेक्षा बराच लहान, दोन्ही डोळ्यांत टाकतात. मायने गॅमा कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं आणि नेहमीसारखी उघडझाप करायची. सुरुवातीची काही मिनिटं दर दहा सेकंदांना एक चित्र, मग अर्ध्या तासापर्यंत थांबून थांबून. थेंब पिशवीच्या आधी अडला, पिशवीत साचला की खालच्या नळीत रेंगाळला, ते चित्रात कळतं. उजवा डोळा तुलनेला असतोच.

बिघडतं ते छोट्या गोष्टींनी. थेंब मोठा पडला तर गालावर ओघळतो आणि चित्रात नळीशेजारी खोटा डाग उमटतो. मान हलली, डोळा चोळला, तर तपासणी वाया जाते. मायला हे आधीच समजावून न्या, पदर हातात नको. वेळही पाळा. या द्रव्याची शक्ती दर 6 तासांनी निम्मी होते, म्हणून मात्रा ठरलेल्या वेळेच्या हिशेबाने तयार ठेवतात. ही सोय तालुक्याला नसते, मोठ्या शहरातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात जावं लागेल. एसटीची वेळ बघूनच तारीख घ्या.

अपायाचं म्हणाल, तर डोळ्याच्या भिंगाला मिळणारा किरणोत्सर्ग डोक्याच्या सीटी स्कॅनपेक्षा खूप कमी असतो. निचरा अगदीच बंद असेल तर द्रव्य डोळ्यात जास्त वेळ राहतं, अशा वेळी शेवटी सलाईनने डोळा धुतात.

एक मात्र आवर्जून सांगावंसं वाटतं. काही निरोगी माणसांतही हा थेंब ठरल्या वेळेत नाकात पोचत नाही. तेव्हा ‘खालच्या नळीत विलंब’ एवढ्या शेऱ्यावर ऑपरेशनची घाई नको. पापणीचा सैलपणा तपासला का, डोळा कोरडा पडून तर उलट पाणी सुटत नाही ना, आणि पिवळा रंग टाकून पाच मिनिटांनी किती उरतो ते पाहिलं का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

प्रश्न : अपघातात नाकाचं हाड मोडलं. तेव्हापासून डोळा वाहतो, कोपऱ्यात पू येतो. सीटीसोबत डीसीजी (अश्रूंच्या नळीत द्रव सोडून काढायची क्ष-किरण तपासणी) सांगितली आहे. थेंबाची तपासणी का नाही? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, तुमच्या बाबतीत हाड कुठे सरकलंय हे आधी कळायला हवं, आणि थेंबाच्या चित्रात हाड दिसत नाही. डीसीजीत पापणीच्या छिद्रातून कॅन्युला, म्हणजे बारीक बोथट नळी, घालून 1 ते 2 मिलिलिटर आयोडीनयुक्त द्रव हळूच सोडतात. 1909 साली पहिल्यांदा हे केलं तेव्हा बिस्मथ वापरलं होतं. आता सीटीच्या बारीक कापांत पिशवी, नळी आणि मोडलेला भाग एकत्र दिसतात. लासरू, म्हणजे डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातली सूज, लाल होऊन ठणकत असेल तर आधी औषधाने सूज उतरू द्या, मगच कॅन्युला. आयोडीनची ॲलर्जी, थायरॉईडचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे, एक डोळा सारखा चिकटतो. स्कॅन करावा का? – एक आई, नंदुरबार

उत्तर : नाही. नळीच्या खालच्या टोकाचा पडदा बहुतेक बाळांत वर्षाच्या आत आपोआप उघडतो. नखं कापून हात धुवा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून खाली सरकवा. एका वेळी दहा वेळा, दिवसातून चारदा. कोपऱ्यात लाल गाठ आली, ताप आला किंवा बाळ उजेडाला डोळे मिटून घेऊ लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.