पाड्यावर ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

डहाणू तालुक्यात वनहक्काच्या दाव्यांचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, पाड्यावरील वारली मंडळी आपल्याला सहज ‘तू’ म्हणतात, तेव्हा आपणही त्यांना ‘तू’ म्हणणे जवळिकीचे ठरेल की उर्मटपणाचे?

वारली बोलीत आदरार्थी बहुवचन प्रमाण मराठीइतके रूढ नाही. वडीलधाऱ्यांशीही एकवचनात बोलले जाते आणि त्यामुळे त्यांचा मान उणावत नाही. तेव्हा त्यांच्या ‘तू’मध्ये उपमर्द शोधण्याचे कारण नाही. आपल्या ‘तू’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रमाण मराठी बोलणाऱ्यापुढे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन्ही पर्याय असतात, आणि जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार यांनी पिढ्यानपिढ्या त्यांतला कोणता निवडला, हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची आणि वेठबिगारीची प्रथा मोडण्यासाठी १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले, तो हाच मुलूख आहे. तेथे परक्या माणसाचे अरेतुरे सलगीचे वाटेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. म्हणून प्रमाण मराठीत बोलताना ‘तुम्ही’ म्हणावे. वारली बोली शिकून तिच्यात बोलू लागलात, तर तिच्या रीतीप्रमाणे येणारे एकवचन कोणाला खटकणार नाही.

माझ्या मते खरी परीक्षा अहवालात होते. ‘तहसीलदार म्हणाले, वनपाल म्हणाले’ असे लिहिणारी लेखणी पुढच्याच ओळीत ‘वारली शेतकरी म्हणाला’ असे लिहून जाते, आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. (स्त्रिया तर बहुधा ‘एक आदिवासी महिला’ एवढ्यावरच आटोपतात.) क्रियापद सर्वांना एकच लावावे, आणि ज्यांची संमती असेल त्यांची नावे द्यावीत.

जाता जाता, आपल्या पत्रातील ‘लाभार्थी’ या शब्दाविषयी. २००६ चा कायदा वनहक्कांना मान्यता देण्याचा आहे. दावे ग्रामसभेकडे दाखल होतात आणि तीच पडताळणीनंतर त्यांवर ठराव करते. त्यामुळे दावा दाखल करणाऱ्यांना ‘दावेदार’ आणि तो मान्य झाल्यावर ‘हक्कधारक’ म्हणावे. ‘लाभार्थी’ हा शब्द बियाणे किंवा घरकुल वाटपाच्या यादीत शोभतो.