कौल देतो कोण आणि लावतो कोण?

प्रश्न असा आहे: इराकमधल्या जानेवारी २००५ च्या निवडणुकीबद्दलच्या मराठी मजकुरात तीन प्रयोग दिसले. ‘इराकी जनतेने कौल दिला’, ‘धमक्यांना न जुमानता मतदारांनी कौल लावला’ आणि ‘मतदानाला उत्स्फूर्त कौल’. यांतला बरोबर कोणता? आणि या कौलाचं घरावरच्या कौलाशी काही नातं आहे का?

तिसरा प्रयोग कचऱ्याच्या टोपलीत टाका. मतदानाला प्रतिसाद मिळतो, कौल मिळत नाही. रांगा लागल्या की ‘कौल’, टक्का वाढला की ‘कौल’, एक्झिट पोल आला की ‘कौल’ हे ऐकून कान किटले आहेत. एक्झिट पोल हा अंदाज असतो. दुसरा प्रयोगही चूक. मतदार कौल लावत नाही, त्याच्यापुढे कौल लावला जातो. पहिला बरोबर की चूक, हे तो कोणत्या तारखेला छापला यावर अवलंबून.

कोकणातल्या देवळात कौल कसा लावतात ते पाहिलं की हा घोळ होत नाही. गुरव आधी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न स्वच्छ शब्दांत देवापुढे मांडतो. मग ओल्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूला पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. ‘उजवा कौल’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. काहीच पडलं नाही तर कौल झालाच नाही, प्रश्न पुन्हा विचारायचा किंवा बदलून विचारायचा. गोव्यात याच प्रकाराला प्रसाद म्हणतात. थोडक्यात, विचारणारा कौल लावतो, ज्याला विचारलं तो देतो, आणि विचारणाऱ्याला तो मिळतो. क्रियापदं तीन, जागा तीन. पाकळी चिकटवणं म्हणजे कौल नव्हे, ती पडणं म्हणजे कौल.

आता इराक. ३० जानेवारी २००५ ला २७५ जागांच्या हंगामी राष्ट्रीय सभेसाठी मतदान झालं. सारा देश एकच मतदारसंघ, मत उमेदवाराला नाही तर यादीला, आणि मतपत्रिकेवर १११ याद्या. जिवाच्या भीतीने बऱ्याच उमेदवारांची नावं शेवटपर्यंत जाहीर केली नव्हती, म्हणून प्रचार यादीच्या क्रमांकावर चालला: शिया आघाडीचा १६९, कुर्दांचा १३०, हंगामी पंतप्रधान अय्याद अल्लावींचा २८५. मतदारयादी बनवली ती रेशनच्या नोंदींवरून, कारण घराघरात कोण आहे याची तेवढी एकच भरवशाची नोंद देशात होती. वाहनांना बंदी, त्यामुळे लोक चालत आले. काहीजण सणासुदीचे कपडे घालून, पोरांना कडेवर घेऊन आले. कुणी शाई लागलेलं बोट कॅमेऱ्यापुढे नाचवलं, कुणी तेच बोट खिशात लपवून घरी नेलं, कारण शाई दिसली तर मारू अशा धमक्या होत्या. त्या एका दिवसात हल्ल्यांत चाळीसहून अधिक माणसं मेली. (‘शाई’ म्हणजे फारसी ‘सियाही’, काळेपणा. तेव्हा बातम्यांतली ‘जांभळी शाई’ मुळात जांभळा काळेपणा झाली. ती टिकते सिल्व्हर नायट्रेटमुळे, आणि नखावरची तर नख वाढून पुढे जाईपर्यंत राहते.)

हे सगळं म्हणजे प्रतिसाद. कौल कळला १३ फेब्रुवारीला, मोजणीनंतर: सुमारे ८५ लाख मतं, शिया आघाडीला १४० जागा, कुर्दांना ७५, अल्लावींना ४०. म्हणून ३१ जानेवारीच्या अंकात ‘इराकी जनतेचा कौल’ हे शीर्षक चूक आणि १४ फेब्रुवारीच्या अंकात तेच बरोबर.

आणि सुन्नीबहुल अनबार प्रांत? तिथे मतदान झालं जेमतेम दोन टक्के. सुन्नी पक्षांपैकी काहींनी आधीच माघार घेतली होती, उलेमांच्या संघटनेने बहिष्कार सांगितला होता, आणि त्यावर बंदुकीची भीती होतीच. याला ‘नकारात्मक कौल’ म्हणणारे भाष्यकार पाकळी न पडणं आणि डावी पाकळी पडणं यांतला फरक विसरतात. डावा कौल त्याच अनबारने दिला तो १५ ऑक्टोबर २००५ ला, राज्यघटनेवरच्या सार्वमतात. तीन प्रांतांत दोनतृतीयांश मतदारांनी नकार दिला तर घटना पडणार, असा नियम होता. अनबार आणि सलाहुद्दीनने तेवढा नकार दिला. निनवेत नकाराचं बहुमत झालं, पण दोनतृतीयांश गाठलं नाही. घटना वाचली. आधीचा कौल झालेला नसणं आणि नंतरचा डावा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत. वापरा की!

उलट टोकाचं उदाहरणही इराकचंच. ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या अध्यक्षपदावर सार्वमत झालं. सरकारी आकडा: मतदार १,१४,४५,६३८, आणि झाडून सगळ्यांचा होकार. कागदावर ‘नाही’ची सोय होती, पण ती पाकळी चिकटवण्याची कुणाची छाती? ज्या कौलात एकच बाजू पडू शकते तो कौल नव्हे, हुकूम.

आता खरी गंमत, आणि ती या प्रश्नाला इराकनेच जोडून दिली आहे. आपला ‘कौल’ मुळात अरबी. ‘कौल’ म्हणजे बोल, उच्चार, दिलेला शब्द. म्हणजे बगदादच्या लोकांनी कौल दिला असं मराठीत लिहिताना आपण त्यांचाच शब्द त्यांना परत करतो. पण ते स्वतः मताला ‘कौल’ म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘सौत’, म्हणजे आवाज. निवडणुकीला ‘इंतिखाब’, ज्या धातूत वेचून उत्तम तेवढं घेण्याचा अर्थ आहे. सुपात तांदूळ निवडण्यावरून आलेली आपली ‘निवडणूक’ त्याची सख्खी शेजारीण. आणि मतपेटीला म्हणतात ‘संदूक अल-इक्तिराअ’. संदूक आपल्याला ओळखीचीच आहे. ‘इक्तिराअ’ आला ‘कुरआ’पासून, आणि कुरआ म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला निवाडा! म्हणजे अरबांनी मतपेटीला चिठ्ठ्या टाकण्यावरून शब्द घेतला, आणि आपण मतदानाच्या निकालाला देवळात पाकळ्या लावण्याच्या प्रकाराचं नाव दिलं, तेही अरबीतूनच आणलेलं. दोघांनीही दैवाचं माप माणसाच्या हाती दिलं, आणि एकमेकांना न विचारता. कव्वाली हीसुद्धा या कौलाची बहीण, कव्वाल म्हणजे कौल गाणारा.

काही मंडळी देवळातला कौल ‘कुल’ या संस्कृत शब्दाशी आणि कौल पंथाच्या तांत्रिकांशी जोडतात. का, तर देवळातला शब्द अरबी कसा असेल म्हणून. मग देवाचा ‘दरबार’, देवाचा ‘हुकूम’ आणि देवापुढे केलेला ‘अर्ज’ यांचं काय करणार? तेही वेदांतून काढणार का? कौल पंथात पाकळी लावून होकार-नकार घेण्याचा विधी दाखवा, मग बोलू. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी केली की ती पहिल्या पावसात कोसळते.

देवळातला अर्थ आला कुठून, याबद्दल माझं मत असं: महसुलातून. शिवकाळाच्या आधीपासून मराठी कागदांत ‘कौलनामा’ आहे. फौजा येऊन गेल्या, गाव उजाड झालं, रयत परागंदा झाली, की सरकार कौल देऊन तिला परत बोलवी. शब्द असा की परत या, जमीन कसा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. पुष्कळदा तो इस्ताव्याचा कौल असे: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दर वर्षी थोडा चढत जाऊन ठरल्या मुदतीला पूर्ण. किल्ला पडायला आला की आतले लोक बाहेरच्यांकडे कौल मागत, म्हणजे जीव वाचवण्याचं वचन. मग किल्ला खाली होई. या कौलात मागणारा नेहमी दुबळा आणि देणारा सत्ताधारी. गावकरी देवापुढे उभा राहतो तोही असाच, अभय मागायला. सरकारच्या चावडीवरचा शब्द देवाच्या चावडीवर जायला वेळ लागला नसणार. याला कागदोपत्री दुवा मिळायचा आहे हे मान्य, पण अर्थाची वाट सरळ आहे.

ही वाट धरली की पहिल्या प्रयोगाचं वजन कळतं. चार शतकं कौल देणारा सरकार होतं आणि मागणारी रयत. युद्धाने उजाड झालेल्या देशात पहिल्यांदा मतदान होतं तेव्हा तीच रयत देणारी होते आणि सरकार मागणारं. उमेदवार ‘कौल मागायला आलो’ म्हणतो तेव्हा तो, स्वतःला ठाऊक नसलं तरी, पडायला आलेल्या किल्ल्यातल्या माणसाची भाषा बोलत असतो. म्हणून ‘कौल’ला ‘जनादेश’ हा पर्याय जड आणि थोडा बावळट वाटतो. आदेशात वचन नाही. कौलात आहे, आणि ते मोडलं तर गाव पुन्हा ओस पडतं.

‘मतदानात दान कसलं, तो तर हक्क’ असाही एक आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर काबूलमध्ये आहे. अफगाणिस्तानात दरी भाषेत मतदानाला ‘रायदिही’ म्हणतात: ‘राय’ म्हणजे मत, ‘दिही’ म्हणजे देणं, आणि हे फारसी देणं आणि संस्कृत ‘दा’ एकाच मुळाचे. शब्दाला शब्द लावून मतदानच. दान म्हणजे इथे धर्मादाय नाही, नुसतं देणं. ९ ऑक्टोबर २००४ ला तिथे अध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली तेव्हा काही केंद्रांवर न पुसणाऱ्या शाईऐवजी मतपत्रिकेवर खूण करायची साधी पेनं बोटावर वापरली गेली. रंग धुऊन निघाला, आणि तेव्हाचे हंगामी अध्यक्ष हमीद करझाई यांच्या विरोधातल्या उमेदवारांनी मतदान चालू असतानाच बहिष्कार पुकारला. तिथेही रांगा होत्या, आनंद होता. तो प्रतिसाद. करझाईंना मिळालेली ५५ टक्के मतं, तो कौल.

हो, घरावरचं कौल राहिलं. ते नपुंसकलिंगी, हा पुल्लिंगी. ते कौल, हा कौल. विदर्भात त्यालाच कवेलू म्हणतात, यावरूनच त्याचं घराणं वेगळं हे कळावं. नातं नाही.