खुर्ची घेण्याआधी दार मोजा

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. गुडघे झिजलेत. घरात काठी घेऊन चालते, पण देवळापर्यंत किंवा मंडईपर्यंत जाववत नाही. पॉवर व्हीलचेअर (बॅटरीवर चालणारी खुर्ची) घ्यावी का? (नाशिक)

घरातलं चालणं मोडू नका. खुर्ची हाताशी आली की माणूस स्वयंपाकघरातही तिच्यातूनच जाऊ लागतो आणि मांड्यांची ताकद भराभर उतरते. फक्त बाहेरच्यासाठी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे बसून चालवायची बॅटरीची छोटी गाडी बघा. तिला हँडल असतं, म्हणून दोन्ही हात नीट चालायला हवेत, पाठ टेकल्याशिवाय बसता यायला हवं आणि आपलं आपण चढता-उतरता यायला हवं. तीनचाकी अरुंद जागेत छान वळते, पण कलंडण्याची भीती जास्त. आपल्या रस्त्यांवर मी चारचाकीच सुचवेन. शिवाय आईंना विचारलंत का? पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही.

प्रश्न : यजमानांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली, तीन महिने झाले. दुकानदार पॉवर खुर्चीला उजव्या हाताला जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) बसवून देतो म्हणतो. घर वन बीएचके. (ठाणे)

नुसता उजवा हात चांगला असून भागत नाही. डावी बाजू गेली म्हणजे इजा बहुधा मेंदूच्या उजव्या भागाला, आणि तशी इजा झाली की काहींना डावीकडचं भानच राहत नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्धीच होते. असं होत असेल तर खुर्ची रोज डाव्या चौकटीवर आदळेल. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून) आधी तपासून घ्या. पहिल्या काही महिन्यांत यात सुधारणाही होते, म्हणून घाई नको.

मग मोजपट्टी घ्या. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत प्रत्येक दार उघडं ठेवून मधली मोकळी जागा मोजा. बऱ्याच पॉवर खुर्च्या २४ इंच किंवा त्याहून रुंद असतात, आणि न्हाणीघराचं दार बहुधा तिथेच अडवतं. वळायला साधारण ५ फूट मोकळी जागा धरा. लिफ्टही मोजा. एका घरी मी नवीकोरी खुर्ची बाल्कनीत पाहिली, तिच्यावर टॉवेल वाळत होते. आतल्या खोलीचं दार दीड इंच कमी पडलं होतं. फार वाईट वाटलं.

प्रश्न : वय २६, मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली हालचाल आणि संवेदना नाही, हात भक्कम आहेत. खुर्चीला जोडायचं मोटरचं चाक घेऊ की मोटराइज्ड ट्रायसिकल? (सांगली)

तुमच्यासाठी जोडचाक. आयआयटी मद्रासमधून उभ्या राहिलेल्या निओमोशनचं निओबोल्ट याच प्रकारातलं. पोहोचल्यावर चाक सोडवलं की खाली आपली नेहमीची खुर्ची असतेच. ट्रायसिकलवरून ऑफिसच्या दारात उतरल्यावर आत कशाने जाणार? पैशांची अडचण असेल तर मात्र ट्रायसिकल केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी योजना), कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मिळू शकते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा.

आणि मोटरच्याही आधी चांगली उशी घ्या. बसल्या जागी जखम होते तेव्हा ती तुम्हाला कळणार नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन शरीर उचलायचं, रस्त्यात थांबावं लागलं तरी.

प्रश्न : पावसाळ्यात पॉवर खुर्ची सांभाळायची कशी? घरासमोर उतार आहे. (चिपळूण)

जॉयस्टिकवर प्लास्टिकचं आवरण घाला, तिथे पाणी शिरलं की खुर्ची बंद पडते. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर पूर्ण उतरू देऊ नका. खुर्ची वापरात नसली तरी अधूनमधून चार्ज करत राहा. उतारावर फ्रीव्हीलची, म्हणजे चाकं मोटरपासून सोडवणारी, दांडी कधीही हलवू नका. चाकं मोटरपासून सुटली की ब्रेकही सुटतो आणि खुर्ची माणसासकट घरंगळते. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला ती दांडी दाखवून ठेवा.